‘बा’ म्हणजे कोण?

“बा,” दहा महिन्यांची मनवा स्पष्ट म्हणाली, तेव्हा समोर तिचा बाप श्रीरंग उभा होता आणि त्याच्या हातात हंगामातला पहिला आंबा होता.

“बाबा म्हणाली,” श्रीरंगने जाहीर केले.

“आंबा म्हणाली, भावजी,” मेहुणी म्हणाली. “नुसते तुम्ही तर रोजच दिसता तिला.”

श्रीरंग रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. सासुरवाडीत पाऊल ठेवल्याबरोबर सासूबाईंनी नातीची दृष्ट काढली, तेव्हा त्याने पुरावा मागितला होता. आता माघार अशक्य होती. सतरंजीच्या एका टोकाला आंबा ठेवला, दुसऱ्या टोकाला तो स्वतः बसला.

मनवाने दोघांकडे निःपक्षपातीपणे पाहिले, “बा” म्हटले आणि रांगत जाऊन आंब्याला मिठी मारली.

“मिळाला पुरावा, जावईबापू?” सासूबाईंनी अदबीने विचारले.

“एका चाचणीवरून निष्कर्ष काढत नाहीत,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

दुसऱ्या सकाळी चाचणी पुन्हा झाली. मनवा “बा” म्हणत थेट बापाच्या मांडीवर चढली आणि त्याचे गाल चाटू लागली.

गालांना फासलेल्या आमरसाचा उल्लेख श्रीरंगने निष्कर्षात केला नाही.