जुनं-नवं एकाच मशीनवर

लॅबमध्ये कोणी नाही ना, हे मोतीरामने दारातून वाकून दोनदा पाहिलं आणि तो कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनपुढे बसला. बुलढाण्याच्या त्या कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून त्याला अठरा वर्षं झाली होती. मुलांपुढचे पंचवीसही पडदे याच एका मशीनवर चालत, आणि महिन्यापूर्वीपर्यंत ते त्याच्या एकट्याच्या ताब्यात होतं.

मग कोकिळा आली. जानेफळची, चोवीस वर्षांची, कंत्राटी; आणि मशीन तिच्याकडे गेलं.

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. नव्या मुलांना पायथॉन या संगणकभाषेची नवी आवृत्ती, पायथॉन तीन लागणार, जुन्या अभ्यासक्रमात नापास झालेल्यांना जुनी, पायथॉन दोन. मोतीराम दर परीक्षेला एक काढून दुसरं टाकायचा. त्यात अख्खी दुपार जायची. कोकिळेने सकाळी चहा निवायच्या आत दोन ओळी टाइप केल्या आणि दोन्ही शेजारीशेजारी बसवली.

"दोन्ही राह्यतात काका एका मशीनवर," ती म्हणाली होती. "कोनतं पाह्यजे, तेवढं सांगा लागते."

विभागप्रमुख उत्तमराव सर तिथंच उभे होते. "पाहा मोतीरामभाऊ," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अठरा वर्षांत तुमाले नाही सुचलं हे."

मोतीराम हसला होता. दुपारी डबा मात्र त्याने उघडलाच नाही.

आता त्याने पायथॉन दोन काढून टाकायचा हुकूम टाइप केला. काय काय जाईल याची यादी मशीनने पडद्यावर मांडली आणि विचारलं : नक्की काढू? त्याने 'हो' दाबलं. पडू दे पोरगी तोंडघशी एकदा.

दोन वाजता परीक्षा सुरू झाली. जुन्या अभ्यासक्रमाची एकच उमेदवार होती, अन्नपूर्णाबाई. दोन लेकरांची आई, सकाळच्या एसटीने लोणारहून आलेली. ही तिची शेवटची संधी. दहा मिनिटांनी तिने हात वर केला.

"मॅडम, माह्यं चालूनच नाही राह्यलं. मशीन म्हन्ते, असं काही हायेच नाही इथं."

तिने पदर डोळ्यांना लावला. कोकिळेला खाली पाहायला लावायच्या नादात, त्या खुर्चीवर कोणीतरी बसणार आहे, हे मोतीरामच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कोकिळा मोठ्या मशीनकडे धावली. कोणी, काय, केव्हा काढलं, याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. मोतीराम तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर त्याचंच नाव होतं. पुढे वेळ : एक बेचाळीस.

कोकिळेने ते वाचलं. मागे वळून पाहिलं नाही. एक ओळ टाइप केली, आणि दोन मिनिटांत पायथॉन दोन जागच्या जागी आलं.

"काय झालं?" सर विचारत आले.

"चूक झाली सर माह्याकडून. आता चालू झालं."

"याले म्हन्तात शिकलेलं मानूस!" सर वर्गाकडे वळून म्हणाले. "चूक झाली, सांगून मोकळी झाली."

मोतीराम मशीनपासून पुढे आला. हिच्या चुकीचंसुद्धा कौतुक! आणि ती चूक तरी तिची कुठं होती?

"सर," तो मोठ्याने म्हणाला, "ते मी काढलं होतं."

सरांनी हात झटकला. "बसा हो मोतीरामभाऊ. पोरीले वाचवाले निघाले! तिच्या मशीनले तुमी कायले हात लावसान?"

वर्ग हसला. डोळे पुसता पुसता अन्नपूर्णाबाईही हसली. कोकिळा तेवढी हसली नाही, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त झोंबलं.