पाठमोरी

"कमी ऐकू येतं याचं सर्टिफिकेट नाही, तर निदान घरच्यांनी तसं लिहून द्यायला हवं," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी तोंडी परीक्षा आहे आणि कानाच्या तपासणीची तारीख मिळालीय पुढच्या महिन्याची. प्रश्न लिहून द्यायला मी तयार आहे. पण बाहेरचे परीक्षक विचारणारच, हे आत्ताच कुठून निघालं? मागच्या वेळी नापास झाली म्हणून सोंग तर नाही?"

पिराजीनं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या लेकीकडं पाहिलं. अनुजा मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"ऐकू येतंय की तिला! जेवाय बोलवलं की येती."

"तुम्ही नेहमी एवढ्या मोठ्यानं बोलता?"

"शिरोलीत लोखंडाच्या भट्टीवर हाय मी, मॅडम. तिथं वरडल्याबिगर शेजारच्याला कळत न्हाय. घरात बी तसंच. आमची मंडळी म्हणायची, तुमचं बोलणं माझ्या माहेरी कोडोलीत ऐकू जातंय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची वही उचलून तोंडापुढं धरली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अनुजा, तुझ्या आईचं नाव काय?"

अनुजा ओढणी गुंडाळत राहिली.

मॅडमनी पुन्हा विचारलं. ओढणीचा आणखी एक वेढा बोटावर चढला.

दोन वर्षं पिराजी या पोरीशी कामापुरतं बोलत होता. आईच्या मातीच्या दिवशी तिला एवढंच म्हणाला होता, "दगड हाईस तू." का, ते सांगितलं नव्हतं. दिवस उरकल्यावर तिनं एकदा भीत भीत विचारलं होतं, "आबा, आई जाताना काय बोलली का?" तो भरल्या ताटावरून उठून बाहेर गेला होता. पुन्हा तिनं विचारलं नव्हतं.

"लिहा, मॅडम," तो म्हणाला.

मॅडमनी कोऱ्या कागदावर तारीख घातली. ९ एप्रिल २००३.

"हे आजचं न्हाय." त्याला आवाज लहान करता येईना. दाराबाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. "हिची आई गेली तवा माझ्या मांडीवर हुती. आवाज पार बसलेला. तिनं हिला तीनदा हाक मारली. अनू, अनू म्हणून. ही चार पावलांवर, पाठमोरी, भाकरी थापत हुती. वळली न्हाय. मी वरडलो तवा पिठाच्या हातानं पळत आली. तोवर समदं संपलं हुतं. मला वाटलं, पोरीला काळीजच न्हाय. चूक माझी हाय. हे बी लिहा. खाली मी सही करतो."

मॅडमनी पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. त्या अनुजाकडं पाहत होत्या.

अनुजा बापाच्या तोंडाकडं एकटक बघत होती. ओढणी बोटावरून सुटून खाली आली होती.

"आबा," ती म्हणाली, "आईनं मला हाक मारलीती?"