दोन थेंब पाणी

मेल वाचून मी घाईघाईने लॅबमध्ये आले. माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडमनी मलेरियावरच्या एका संयुगाबद्दल लिहिलेल्या रिसर्च पेपरचा एका नव्या पेपरात उल्लेख होता, पण तिथे लिहिलं होतं, "या कृतीने हे संयुग तयार होत नाही."

मी भीतभीतच मोबाइल पुढे धरला. मॅडमनी दोनदा वाचलं आणि खुर्चीतून उठल्याच. "अगं, आजवर सगळ्यांनी आपला पेपर नुसता संदर्भांत घातला. प्रत्यक्ष करून पाहणारे हे पहिलेच. सॉल्व्हंट कोणता घेतलाय?"

"आपलाच. फक्त पूर्ण कोरडा करून, पाण्याचा अंशही न ठेवता."

आम्ही दोघींनी एकदमच फडताळाकडे पाहिलं. आम्ही रसायनं विरघळवायला वापरायचो त्या सॉल्व्हंटच्या बाटलीचं बूच कायमचं सैल, आणि बाहेर रत्नागिरीची दमट हवा.

मॅडमनी ॲप्रन चढवला. एका फ्लास्कमध्ये कोरडा सॉल्व्हंट घेतला, दुसऱ्यात त्याच सॉल्व्हंटमध्ये दोन थेंब पाणी टाकलं, आणि दोन्हींत पेपरातल्या कृतीची रसायनं घातली. दुपारपर्यंत पहिल्यात काहीच झालं नव्हतं. दुसऱ्याच्या तळाशी आमच्या संयुगाचे पिवळे स्फटिक चमकत होते.

"आपल्या पेपरची दुरुस्ती लिहायला घे," मॅडम म्हणाल्या. "पाणी लागतं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा संदर्भ पहिल्याच ओळीत टाक."