निरोगी गटातली नळी

संशोधनाला निरोगी माणसं कमी पडत होती, म्हणून मॅडमनी स्वतःच्या बाबांनाच तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी द्यायला प्रयोगशाळेत आणलं. नंतर शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला, तेव्हा "आवरा ना बाबा, माझी कामं खोळंबलीत," असं सगळ्यांदेखत बोलून मोकळ्या झाल्या.

कंपवात झालेल्यांच्या पाण्यात प्रथिनांच्या गुठळ्या धरतात, निरोगी माणसाच्या नाही, एवढा साधा प्रयोग. नळ्यांवर फक्त गट आणि आकडे होते. कुठली कुणाची, हे एकट्या टेक्निशियनताईंना ठाऊक. आणि निरोगी गटातल्या एका नळीत गुठळ्या धरल्या.

मॅडमचा पारा चढला. "हात धुता की नाही तुम्ही? पुन्हा करा."

ताईंनी पुन्हा केलं, मग आणखी एकदा. गुठळ्या त्याच नळीत. मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांची खरडपट्टी काढली. "चूक तुमची आहे, एवढं कबूल तरी करा."

"माझीच असावी म्हणून तर परतपरत केलं, मॅडम," ताई हळूच म्हणाल्या. "ती नळी तुमच्या बाबांची आहे."


मॅडमना आधी ती बटणं आठवली, मग आपलं बोलणं.