शेजारची जागा

“बायको कुठे आहे तुमची?”

दातांचा डॉक्टर विमानाच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात दात तपासायचा छोटा आरसा, केसांत कोळ्याचं जाळं. सकाळपासून तो त्या आरशाने लाकडाचे सांधे बघत होता. विमान त्याच्याहून वयाने मोठं. आतून सगळं लाकूड, वरून ताणून बसवलेलं कापड आणि त्यावर निळ्या रंगाचे थर. कुठे सांधा सुटला नव्हता, कुठे कीड नव्हती. पंखावर टिचकी मारली की कापड टण्ण वाजायचं. डॉक्टरचा जीव जडला होता, आणि ते त्याच्या तोंडावर इतकं स्वच्छ दिसत होतं की घासाघीस करायची सोयच उरली नव्हती.

“बायको घरी आहे, काकू.”

“तिला ठाऊक आहे?”

डॉक्टरने आरसा रुमालाने पुसला. पुन्हा पुसला. “तिला सांगितलंय, दवाखान्यासाठी नवी खुर्ची बघायला चाललोय.”

काकू हसल्या नाहीत. नवरा गेल्यापासून विमान विकायचं असं त्या म्हणायच्या आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटेला लावायच्या, हे विमानांच्या मैदानावरच्या मेकॅनिकने डॉक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं.

“तिला घेऊन या,” त्या म्हणाल्या. “ती शेजारी बसून एक चक्कर मारून आली की विमान तुमचं. त्याआधी नाही.”

“पण काकू, चालवणार मी आहे...”

“ते कळलं मला.” आणि त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं.

घरी गेल्यावर डॉक्टरने एका दमात सगळं सांगून टाकलं. बायको शाळेत गणित शिकवायची. मध्ये बोलायची नाही, शेवटी नेमकी चूक दाखवायची.

“लाकडाचं?”

“हो.”

“आणि वरून कापड?”

“चांगलं दणकट असतं गं.”

“पडायचंच असेल तर आपला जिना काय वाईट आहे? दवाखानाही जवळ पडेल.”

मग तिने अबोला धरला. डॉक्टरला खोटं बोलल्याची लाज वाटत होती, आणि विमान काही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. रुग्णांच्या जबड्यात बघतानाही त्याला निळे पंख दिसायचे. अखेर शनिवारी भांडी पुसता पुसता बायकोच बोलली.

“त्या बाईंनी मला का बोलावलंय?”

“कुणास ठाऊक.”

“तुला मी आठवले नाही, त्यांना आठवले. तुझ्या विमानाचं राहू दे. मी त्यांना भेटायला येते.”

रविवारी हवा शांत होती. डॉक्टर आधी मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारून आला. उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि त्याला उगीचच हसू येत होतं. शेडच्या दाराशी काकू आणि बायको चहाचे पेले धरून उभ्या होत्या. काय बोलणं झालं कोण जाणे, पण बायकोने पेला खाली ठेवला, पदरचं मोडून काही केल्यासारखा चेहरा केला आणि विमानात चढून बसली. डॉक्टरने तिचा पट्टा आवळला. तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले. आपल्या गादीवरून हात फिरवला, मग त्याच्या.

“तुझ्या गादीला खळगा पडलाय,” ती म्हणाली. “कातडं पार झिजलंय. ही मात्र कोरी करकरीत.” आणि काकूंकडे वळून विचारलं, “ही नंतर बदललीत का?”

“नाही. दोन्ही एकदमच्या.”

काकू पंखाला हात टेकून उभ्या राहिल्या.

“मला न विचारता घेतलं होतं त्यांनी हे,” त्या म्हणाल्या. “घेऊन आले आणि म्हणाले, चल, बस. मी म्हटलं, घेताना विचारलं नाहीत, आता कशाला विचारता? राग खराच होता हो. पुढे दर रविवारी विचारायचे, मी नाही म्हणायचे. राग कधीच निघून गेला होता, पण जिभेला नाही म्हणायची सवय लागली होती. मग एकदा मनाशी ठरवलं, आता विचारलं की हो म्हणायचं. चांगले बूट घालून इथे येऊन उभी राहिले. नेमकं त्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. पुढच्याही नाही. वाटलं असेल, कशाला हिला सारखं छळायचं. आणि मी आपली वाट बघत राहिले. आपण होऊन म्हणायला काय झालं होतं, देव जाणे.”

डॉक्टरला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात बायकोने पट्टा सोडला. झालं, तो मनात म्हणाला, संपलं सगळं. ती पाय सांभाळत खाली उतरली. गळ्यातला रुमाल सोडून तिने काकूंच्या डोक्याला घट्ट बांधला, त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

“काकू,” ती म्हणाली, “येता का बसाय...”

“हो,” काकू म्हणाल्या. त्यांनी तिला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.