गिऱ्हाईक येण्याआधी

नूतनने हाक मारली तेव्हा काळीने शेपटी जराशी हलवली, पण डोळे उघडले नाहीत. तिची जीभ एका बाजूला लोंबत होती. पलीकडे म्हातारा कुत्रा भुऱ्या आपल्याच मुतात आडवा पडला होता. ही मागची पत्र्याची खोली सकाळपासून बाहेरून कडी घालून बंद होती, आणि जळगावचा एप्रिल. मूत, ओकारी आणि दाराच्या फटीतून मारलेला मोगऱ्याचा स्प्रे, असा सगळा वास आत कोंडला होता.

नूतन तशीच बैठकीत आली. तिचा नवरा ललित सोफ्यावरचे कुत्र्यांचे केस चिकटपट्टीने उचलत होता.

"काय दिलं त्यांना?"

"आईच्या झोपेच्या गोळ्या उरल्या होत्या. दूध-भाकरीत कुस्करून दिल्या. कशी निवांत पडलीत बघ."

"किती दिल्या?"

"ते कोण मोजतं? या कुत्र्यांपायी घराची दोन गिऱ्हाइकं परत गेली. आजचं जाऊ द्यायचं नाही. तासाभराचा तर प्रश्न आहे."

गळक्या नळाला चिंधी बांधल्याचं सांगावं, तसं त्याने सांगितलं. नूतन त्याच्या हाताकडे पाहत राहिली. काल रात्री हाच हात भुऱ्याच्या कानामागे खाजवत होता. म्हातारा डोळे मिटून त्या हातावर डोकं टेकून बसला होता. तिला त्या हाताची शिसारी आली.

तेवढ्यात बेल वाजली. दलाल छगन दोंडाईच्याच्या एका जोडप्याला घेऊन आला होता. मुलाला जळगावला नोकरी लागली म्हणून ते घर बघत होते. नवऱ्याने आल्या आल्या भिंतीवर थाप मारून पाहिली. "बांधकाम चांगलं शे," तो म्हणाला. बाई मात्र उंबऱ्यातच थबकली आणि नाक वर करून हुंगायला लागली.

"कुत्री आहेत ना तुमच्याकडे?"

"होती," ललित हसून म्हणाला. "गावी पाठवून दिली."

नूतन मागे गेली आणि तिने लोटलेलं दार सताड उघडलं. "गावी नाही. इथे आहेत. यांनी झोपेच्या गोळ्या चारून निजवलीत."

बाईच पुढे आली. नाकाला पदर लावून तिने आत वाकून पाहिलं. आधी भुऱ्याकडे, मग त्याच्या पोटाखालच्या ओघळाकडे. बाईमाणूस आहे, काहीतरी बोलेल, असं नूतनला वाटलं.

"फरशी कुठली आहे हो ही?" बाईने विचारलं. "डाग जातील ना?"

"जातील ना, ताई. ॲसिड मारलं की बठ्ठं निघतं, एक डाग राहत नाही," छगन म्हणाला. ललितने घाईघाईने मान हलवली.

नूतन मोरीत जाऊन भडाभडा ओकली. चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग जुनी चादर आणून तिने काळीला त्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या उखर्डूभाऊंना हाक दिली. त्यांनी आत येऊन भुऱ्याला तसाच ओला दोन्ही हातांवर उचलला. त्यांचा शर्ट भिजला.

"गुरांच्या दवाखान्यात ना, अक्का?"

"हो, भाऊ. लवकर."

ललित दारात आडवा आला. आवाज दाबून म्हणाला, "पाव्हण्यांसमोर तमाशा करू नको. ही मंडळी जाऊ दे, मग ने."

"बाजूला व्हा."

"घर दोघांच्या नावावर आहे. आज बोलणी ठरली तर तुझी सही लागेल."

"दवाखान्यातून मी पहूरला जाते, आईकडे. सही मागायला तिकडे या. 'नाही' म्हणायला मी तिथेच असेन."

तो बाजूला झाला, तिच्यासाठी नाही. तिच्या साडीला लागलेली घाण आपल्या कपड्यांना लागू नये म्हणून.

रिक्षात नूतनने काळीला शेजारी निजवलं आणि भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा श्वास चालू होता, पण फार लांब लांब. उखर्डूभाऊ रिक्षा सुरू करायला वाकले, तेवढ्यात घरातून त्या बाईचा आवाज आला. कपाळावरची आठी गेल्यासारखा मोकळा आवाज.

"चला, गेली एकदाची कुत्री. आता वरच्या खोल्या बघू."