वरून काळे तीळ

पेरू. किल्ली. होडी.

गुरुवार. वद्य सप्तमी.

शंभरातून सात गेले, त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात गेले, शहाऐंशी.

नात वल्लरी. पुणे. दुसरा मजला.

गाडी पांढरी.

ढुंढिराज हे सगळं पंचवटीपासून कॉलेज रोडपर्यंत मनात घोकत आले होते. पहिले तीन शब्द डॉक्टरांनी दिलेले. बाकीची तयारी त्यांची स्वतःची. मागच्या महिन्यात गंगेवर श्राद्ध सांगताना त्यांनी दोन यजमानांचे वाडवडील एकमेकांत मिसळले होते. गाडीत बसताना मयुरेशने सांगून टाकलं होतं, "आजची संध्याकाळ कशी जाते बघू, बाबा. मग ठरवू, गंगेवर जायचं की नाही."

पन्नास वर्षं ते रोज सकाळी गंगेवर जात होते. सकाळी उठून दुसरं कुठे जायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हॉटेलातली टेबलं बुटकी, दिवे डोक्याला लागतील इतके खाली. छातीवर 'संतोष' अशी पट्टी लावलेला वेटर समजावून गेला: इथे ताटं नसतात, छोट्या छोट्या प्लेटी येतात, तयार होतील तशा, मधे ठेवायच्या आणि सगळ्यांनी वाटून खायचं.

पहिल्या प्लेटीत बिटाच्या चार चकत्या आल्या. प्रत्येकीवर चीजचा एकेक ठिपका.

"एवढंसं?" ढुंढिराज म्हणाले. "हा तर नैवेद्य झाला. दाखवायचा आणि उचलायचा."

संतोष हसला. सूनबाई स्वरदा हसली. मयुरेश हसला नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसला. जमतंय, ढुंढिराजांनी मनात म्हटलं.

दुसरी प्लेट मशरूमची. स्वरदाने त्यांना वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, वल्लरीची खोली कितव्या मजल्यावर हो?"

"दुसऱ्या. लिफ्ट बंद होती. तू जिन्यात दोनदा बसलीस आणि मग वॉचमनला बोललीस."

"वॉचमनला मी नाही, तुमचे चिरंजीव बोलले."

"तो तर तो. बोललं कुणीतरी."

आता मयुरेशही हसला. उद्या शनिवार, मला लवकर उठायचंय, असं तो मधेच म्हणाला. मुद्दाम की चुकून, कळलं नाही. "उद्या शुक्रवार," ढुंढिराज म्हणाले आणि तिसऱ्या प्लेटीतला रताळ्याचा काप काट्याने नीट उचलून, न सांडता तोंडात घातला.

मग चौथी प्लेट आली. प्लेट नव्हतीच ती, काळी दगडी पाटी होती. तिच्यावर गवती चहाची एक लांब पात आडवी ठेवलेली आणि पातीवर ओळीने भाताचे तीन गोळे.

"वरून काळे तीळ," संतोष म्हणाला.

ढुंढिराजांचा हात शर्टाच्या गळ्यात गेला. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आलं, पितरांच्या कामाला आणतात तसं. खुर्ची त्यांनी जराशी वळवली. त्या बंद, गार खोलीतही त्यांना दक्षिण बरोबर सापडली.

"वडिलांचं नाव?"

संतोषला वाटलं, गप्पा मारतायत. "माझ्या? सावळीराम."

"आजोबांचं?"

"पुंजाराम."

"पणजोबांचं?"

"ते नाय माहिती, सर."

"हरकत नाही. गोत्र?"

संतोष मयुरेशकडे बघू लागला. त्याचा चेहरा ढुंढिराजांच्या ओळखीचा होता. हातांचं काय करायचं हे न कळणारा हा चेहरा रोज सकाळी त्यांच्यापुढे पाण्यात पाय सोडून बसलेला असायचा. त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. घाबरायचं नाही. हात पुढे करा."

पाहुण्यांचं ऐकायचं, एवढंच शिकवलेल्या संतोषने हात पुढे केला. ढुंढिराजांनी आपल्या पेल्यातलं पाणी त्याच्या तळहातावर ओतलं. तळहात हलकेच कलता केला. अंगठ्याच्या बाजूने पाणी पहिल्या गोळ्यावर पडलं आणि तीळ वाहून पाटीच्या कडेला आले. त्यांच्या ओठांतून सावळीरामाचं नाव गेलं, अगदी शुद्ध, कुठेही न अडखळता.

"बाबा," स्वरदा म्हणाली.

"थांब. मधे बोलू नये."

"सर..." संतोषचा हात तसाच पुढे होता. "सर, आमचे वडील हायेत अजून. सायखेड्याला. सकाळीच बोललो मी."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. पाटीवरचं पाणी टेबलाच्या कडेवरून स्वरदाच्या मांडीवर गळत राहिलं. ती उठली नाही, तिने साडी मागे घेतली नाही. ढुंढिराजांनी आधी त्या पाण्याकडे पाहिलं, मग संतोषच्या ओल्या हाताकडे, मग छातीवरच्या त्या पट्टीकडे.

मयुरेश रागावला नाही. त्याने रुमाल उलगडला आणि तिन्ही गोळ्यांवर अलगद पांघरला. "आम्हाला माफ कर, भाऊ," तो संतोषला म्हणाला. "हे घेऊन जा."

मग हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, तो म्हणाला, "जानवं सरळ करा, बाबा."

ढुंढिराजांचा हात पुन्हा गळ्यात गेला. दोरा बोटांना लागला. हात छातीवरच थांबला. ते आधी एका खांद्याकडे बघत राहिले, मग दुसऱ्या.

चुलतभाऊ धवलला मयुरेशने फोन केला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते: उद्यापासून गंगेवर बाबांच्या जागी तू बस.